कस्तुराचा दोर

मित्रांनो, मी एक जुना दोर आहे. खरं म्हणजे आता दोराचा हातभर तुकडा. कड्यावर चढणारे कमरेला बांधतात तसला. वरून निळं विणलेलं आवरण, आत पांढऱ्या धाग्यांचा गाभा.

ज्या कारखान्यात मी तयार झालो तिथली मशिनं मला आठवत नाहीत. आठवतात ते कस्तुराचे हात. कस्तुरा चाकणला एका कंपनीत गाड्यांचे सुटे भाग तपासायची. सुटी असली की मला पाठीवर टाकून चऱ्होलीजवळच्या सार्वजनिक बागेत यायची. बागेच्या मागं जुन्या खाणीचा काळा कडा आहे. ती वर चढायची आणि तिचे यजमान लक्ष्मणराव खाली माझं दुसरं टोक धरून उभे राहायचे. चढण्याआधी ती मला या टोकापासून त्या टोकापर्यंत बोटांतून सोडायची. कुठं मऊ लागतो का, कुठं फुगलाय का, ते बघायची. कंपनीतली सवय. वस्तीतल्या मुली तिच्याकडे शिकायला येत. "दोर बघितल्याशिवाय पाय उचलायचा नाही," एवढं एकच ती कडक बोलायची.

मग कुणीतरी दोराशिवाय कड्यावर गेला आणि फोटो काढताना घसरला. पाय मोडला त्याचा. कड्याभोवती जाळी आली, फाटकाला कुलूप लागलं. कस्तुरा अर्ज करत राहिली. बाग सगळ्यांची आहे, शिकून चढणाऱ्यांना चढू द्या, एवढंच तिचं मागणं. उत्तर येण्याआधी ती आजारी पडली, आणि गेली.

आजारपणात एकदा तिनं मला चाचपलं होतं. "हा आता कापून टाका," ती लक्ष्मणरावांना म्हणाली. चढणाऱ्यांची तशी रीतच आहे. खराब दोराचे तुकडे करतात, म्हणजे चुकूनसुद्धा कुणी त्याच्यावर जीव टाकत नाही. लक्ष्मणराव हो म्हणाले, पण त्यांचा हात धजला नाही. ती गेल्यावर त्यांनी मला तिच्या साड्यांखाली ठेवलं. जेवण झालं की कपाट उघडून मला हात लावायचे.

त्या कपाटात मी घाबरायला शिकलो. माझं आवरण शाबूत होतं, पण मध्यावर आतले धागे तुटले होते. ते मला ठाऊक होतं आणि सांगता येत नव्हतं.

एका सकाळी लक्ष्मणरावांनी मला बाहेर काढलं. कस्तुराच्या अर्जावरून बागेच्या मोठ्या अधिकारी मॅडम पाहणीला येणार होत्या. नीट चढून दाखवा, मग ठरवू, असं त्यांनी कळवलं होतं. अशा दिवशी तिचाच दोर हवा, असं लक्ष्मणरावांना वाटलं.

बागेचे राखणदार आबाजी कुलूप उघडत म्हणाले, "आवो लक्ष्मणराव, आज तरी हसा की. तुमचं त्वांड बघूनच मॅडम न्हाई म्हणायच्या."

"तोंड असंच आहे, आबाजी."

"व्हय. लग्नातबी आसंच व्हतं म्हणं. कस्तुराबाई सांगायची."

लक्ष्मणराव हसले नाहीत, पण माझ्यावरची त्यांची मूठ जरा सैल झाली.

चढणार होती तनुजा, कस्तुराच्या हाताखाली शिकलेली. लक्ष्मणरावांनी माझं टोक तिच्या हातात दिलं. वर कडा, खाली धारदार दगड. ही पोरगी माझ्यामुळं पडणार, आणि ते कुलूप कायमचं लागणार. मला दुसरं काही दिसेना.

"काका, दोर बघितला?" तनुजानं विचारलं.

"तिचा आहे. तिनं बघितलेलाय."

"काकूंना जाऊन वर्ष होत आलं, काका."

मॅडम घड्याळाकडे बघत होत्या. लक्ष्मणराव हळू आवाजात म्हणाले, "मॅडम खोळंबल्यात. बांध पोरी."

तिनं बांधला नाही. खाली बसली आणि मला बोटांतून सोडू लागली, अगदी कस्तुरासारखी. मध्यावर तिची बोटं थांबली. तिनं मला तिथं वाकवलं, तर मी कागदासारखा दुमडलो.

मॅडम जवळ आल्या. "म्हणजे हा तुटला असता?"

लक्ष्मणरावांनी त्या जागी बोट ठेवलं. नाही म्हणता आलं असतं. 

"तुटला असता," ते म्हणाले. "तिनं कापायला सांगितला होता. माझ्याच्यानं झालं नाही. आबाजी, कोयता द्या."

दगडावर ठेवून त्यांनी मला तोडलं. एक घाव तर दगडावरच बसला. कोयत्याची भीती वाटलीच मला. पण पहिल्या घावासरशी तनुजा पडण्याची भीती गेली.

तनुजानं पिशवीतून नवा दोर काढला. तोही आधी पुरा चाचपला. मॅडमनी तेवढा वेळ घड्याळाकडे बघितलं नाही. मग ती चढली आणि सुखरूप उतरली.

"रविवारी सकाळी उघडू," मॅडम म्हणाल्या. "आबाजींच्या देखत दोर तपासायचा, मगच वर. महिनाभर बघू."

"मला वो काय कळतंय दोरातलं?"

"शिका."

रविवारी कुलूप निघालं तरी वाऱ्यानं ते फाटक मिटतं. ते उघडं राहावं म्हणून लक्ष्मणराव माझ्या या हातभर तुकड्यानं ते खांबाला बांधतात.

मित्रांनो, मला अजून भीती वाटते. कुणी घाईत न बघता वर जाईल, आणि माझी गाठ सोडून तिथं पुन्हा कायमचं कुलूप लावतील. म्हणून कड्यावर याल तेव्हा फाटकाशी थांबा. तुमचा दोर बोटांतून सोडा. लक्ष्मणराव तिथंच दगडावर बसलेले असतात. "दोर बघितला?" असं ते विचारतील. त्यांना खरं सांगा.