बत्तीस अँपिअर मला झेपले नसते

मित्रांनो, मी एक जुना फ्यूजबोर्ड आहे. खरं तर 'होतो' म्हणायला हवं, कारण आता माझ्यातून एकही तार जात नाही.

लाकडी चौकट, चिनी मातीचे सहा फ्यूज आणि एक लोखंडी मेन स्विच, एवढाच माझा संसार. मला घडवलं या घरच्या बाबांनी. ते वायरमन होते. घर बांधून झालं तेव्हा त्यांनी दुसऱ्या कुणाला माझ्या अंगाला हात लावू दिला नाही. स्वतः लाकूड कापलं, पॉलिश केलं आणि मला दाराशेजारी बसवलं. त्यांची मुलगी तेव्हा पहिलीत होती. स्टुलावर चढून तिने मेन स्विच ओढला आणि घरभर दिवे लागले. घर बघायला कुणी आलं, की बाबा आधी मला दाखवायचे. आई हसून म्हणायच्या, "अहो, त्यांना बसू तरी द्या."

पुढे घरात फ्रिज आला, गीझर आला, मग एसी आला. माझ्यावरचा भार वाढत गेला आणि मी तापू लागलो. "बोर्डाजवळ वास येतोय," आई म्हणायच्या. "बघतो या रविवारी," बाबा म्हणायचे. पण रविवारी कुणाच्या तरी घरची वीज गेलेली असायची. असेच रविवार सरले. आई गेल्या. बाबांची नजर अधू झाली, हात थरथरू लागले. माझं झाकण कुणी उघडेना.

मग बाबांच्या किडन्या निकामी झाल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, आणि हॉस्पिटल गावाच्या दुसऱ्या टोकाला. मुलगी नोकरीची बदली मागून घरी आली. तिने विजेवर चालणारी गाडी घेतली आणि घरीच चार्जर बसवायचं ठरवलं.

इलेक्ट्रिशियन पाहणीला आला. माझं झाकण उघडून त्याने आत टॉर्च मारला.

"ताई, एकट्या चार्जरला बत्तीस अँपिअर लागतात, तेही तासन्‌तास. याला ते झेपणार नाही. आणि ही तार बघा, जळून काळी पडलीय. आग लागली नाही हे नशीब."

"हळू बोला," ती म्हणाली. "हा बाबांनी केलाय. चार्जरसाठी वेगळी लाइन घेतोय, एवढंच सांगू त्यांना."

पण बाबांचे कान शाबूत होते. "मला तिथे ने," आतून आवाज आला.

तिने त्यांची चाकांची खुर्ची माझ्यासमोर आणली. "मेन बंद आहे ना?" त्यांनी आधी विचारलं. मग तार चाचपली. तिच्यावरचं आवरण पापुद्र्यासारखं त्यांच्या बोटांना चिकटलं.

"दुसऱ्याच्या घरी असं दिसलं असतं, तर मी मालकाला झापलं असतं," ते म्हणाले. मग तार सोडून म्हणाले, "काढून टाका हा. जाड केबल घ्या, चार्जरला ब्रेकर वेगळा ठेवा. अर्थिंग नवीन करा, जुन्यावर भागवू नका."

मला वाईट वाटलं. पण बाबांचा चेहरा पाहिल्यावर माझं दुःख मी गिळलं.

त्यानंतर दोन आठवडे ते रोज दुपारी दारासमोरच्या गाडीच्या जागेत खुर्ची न्यायला लावत. मुलगी टेपने मापं घेई आणि ते सांगतील तसं कागदावर लिही. ऊन कुठवर येतं, केबल कुठून न्यायची, सगळं त्यांनी ठरवलं. "वाटेत केबल नको, कुणीतरी आपटेल." कित्येक वर्षांनी त्यांच्या आवाजात पूर्वीचा जोर आला होता.

घराचा विजेचा भार वाढवून मिळाल्याचं वीज कंपनीचं पत्र आलं, तेव्हा बाबा हॉस्पिटलमध्ये होते. ते परत आले नाहीत.

महिन्याभराने इलेक्ट्रिशियन आला. त्याने मला भिंतीवरून उतरवलं आणि गाडीच्या जागेत टेकवून ठेवलं. मग अडखळत विचारलं, "ताई, आता हॉस्पिटलच्या फेऱ्या नाहीत. साध्या प्लगवरही भागेल. बसवायचा का चार्जर?"

"बसवा," म्हणत तिने कागद पुढे केला.

त्याने तो वाचला. "एवढा खाली? सहसा छातीच्या उंचीवर लावतात."

"खुर्चीत बसून हात पोचायला हवा होता त्यांचा," ती म्हणाली. "'गाडीला प्लग मी लावत जाईन,' म्हणाले होते. 'तेवढं तरी काम ठेव मला,' म्हणाले."

इलेक्ट्रिशियनने टेप काढली आणि कागदावरच्या मापानेच भिंतीवर खूण केली.

मी आता अडगळीच्या खोलीत आहे. मित्रांनो, तुमच्या घरातला बोर्ड तापत असेल, तर मोठ्यांना सांगा. 'बघतो' म्हणाले तर पुन्हा सांगा, जाणता माणूस येऊन झाकण उघडेपर्यंत सांगत राहा. माझी एवढीच विनंती आहे.

खिडकीतून मला चार्जर दिसतो. मुलगी कामावरून येते, गुडघे टेकून खाली वाकते आणि प्लग लावते. मग लगेच उठत नाही.