बुश कुठेच मिळत नाही

मिस्त्रींनी गाडी गॅरेजच्या दारात उभी केली आणि उतरता उतरताच लेकीला सुनावलं, की गिअरचं लिंकेज गेलंय, पहिला टाकावा तर रिव्हर्स पडतोय. गाड्यांना नावं ठेवायला त्यांना कधीच कारण लागलं नव्हतं. लोकांच्या गाड्यांना शिव्या घालतच त्यांनी आयुष्यभर पोट भरलं होतं. पण आज ते लेकीच्या नजरेला नजर देत नव्हते.

लेकीला सगळं आधीच कळलं होतं. आईचा फोन येऊन गेला होता. फाटकातून निघताना पुढे जायची ती गाडी सुसाट मागे आली आणि भिंतीवर आदळली. आई त्या भिंतीपाशीच उभी होती. पिशवी उचलायला बाजूला झाली म्हणून वाचली. त्यांना काही बोलू नकोस, आधीच खचलेत, असं आईने चारचारदा बजावलं होतं. खचतील नाहीतर काय? अर्धांगाचा झटका आला होता तो नेमका गिअर टाकायच्या हातावर. हात परत आला, शर्टाची बटणं लावायला लागला, तेव्हा मिस्त्री गल्लीभर मिरवून आले. डोळ्यांसमोरचं काम तो हात हळूहळू करायचा. पण समोर रस्त्याकडे बघत असताना आपण लिव्हर किती आणि कुठे ढकलली, हे त्याला उमगत नव्हतं.

गाडी कोपऱ्यातल्या, खालून काम करायच्या खड्ड्यावर घेऊन लेक त्यात उतरली. लिव्हरखालून निघणारा रॉड, त्याचे सांधे, आणि रॉड गिअरबॉक्सला जोडतो तिथला तो अंगठ्याएवढा नायलॉनचा बुश, सगळं तिने धरून हलवून पाहिलं. कशातच ढिलाई नव्हती. मग सीटवर बसून तिने एकेक गिअर टाकून पाहिला. सगळे मुकाट्याने पडले.

गाडीत काही बिघाड नाही, एवढंच तिला म्हणायचं होतं. पण त्यामागून दुसरं वाक्य आलंच असतं, आणि ते तिच्या तोंडून निघेना. ज्याने बोटं धरून पाना धरायला शिकवलं, त्याला तुमचा हात गेला असं कुठल्या तोंडाने सांगायचं? तिने सोपी वाट धरली. पुन्हा खाली उतरून क्लिप काढली, रॉड बुशातून सोडवला, तारेने वर बांधला, म्हणजे गिअर पडणारच नाही, आणि बाहेर येऊन म्हणाली, की बुश झिजलाय, जुनं मॉडेल आहे, मागवावा लागेल.

मग थापांना नुसता ऊत आला. दुकानात नाही, कंपनीने बनवणंच बंद केलंय, दुसऱ्या शहरातून येतोय, वाटेत अडकलाय. आईचा जीव भांड्यात पडला. मिस्त्री मात्र रोज चालत यायचे, बुशाची चौकशी करायचे, कोपऱ्यातल्या गाडीची काच रुमालाने पुसायचे आणि तसेच परत जायचे. लेकीला ते बघवत नव्हतं. पण ती भिंत आठवली, की ती पुढची थाप मारायची.

पुढे ते यायचेच बंद झाले. मागच्या खोलीत कानस घेऊन दिवसभर काहीतरी घासत बसतात, विचारलं तर अंगावर येतात, असं आईने सांगितलं.

आणि एके दिवशी सकाळी ते आले, ते मूठ झाकूनच. तिच्यासमोर मूठ उघडली. तळहातावर पांढरा बुश होता. नायलॉनचा तुकडा कापून, भोक पाडून, घासून घासून केलेला. बाहेरून पार ओबडधोबड. असले शेकड्यांनी बुश त्यांनी बसवले होते, माप तोंडपाठ होतं. चेहऱ्यावर जुना तोरा परतला होता.

"कंपनी गेली खड्ड्यात," ते म्हणाले, "मिस्त्री अजून आहे."

लेक लगबगीने पुढे झाली. द्या, मी बसवते, कपडे खराब होतील, असं ती म्हणून पाहत होती. आपले कपडे चांगले होते कधी, असं विचारत ते कठडा धरून खाली उतरलेसुद्धा.

खालून आधी त्यांचं गुणगुणणं येत होतं. मग ते थांबलं. जुना बुश जागच्या जागी होता, कुठेही न झिजलेला. रॉड तारेने नीट वर बांधलेला. त्यांनी काय पाहिलं ते तिला वर उभं राहून कळत होतं. त्यांनी ओरडावं, चार शिव्या हासडाव्यात, असं तिला फार वाटलं.

ते वर आले. चिंधीला हात पुसत राहिले, हात स्वच्छ झाले तरी पुसत राहिले.

"बसत नाही गं," ते म्हणाले. "माप चुकलं माझं."

"बाबा, मी..."

"तुझंच बरोबर होतं. असला पार्ट आता कुठे मिळायचा? आईने विचारलं तर हेच सांग." त्यांनी बुश टेबलावर ठेवला. "आणि तिला कुठे जायचं असलं, तर तू नेत जा."

ते गेल्यावर ती खड्ड्यात उतरली. तार सोडली आणि त्यांचा बुश रॉडच्या पिनेवर चढवला. तो अलगद सरकला आणि बसला. तिने बोटाने हलवून पाहिला. माप केसभरही चुकलं नव्हतं. ती तिथेच मटकन खाली बसली आणि हुंदके देऊन रडली.