राणीला तू म्हणायचं

“मी मॅडमना तू म्हणणार नाही. नाटक गेलं खड्ड्यात!” मिस्त्रींनी पाना खाली ठेवला आणि हात पुसले.

महिनाभर हाच गृहस्थ पंपघरात मोटारीच्या वरताण आवाजात ‘दाऊ, दाऊ’ ओरडत होता. पाणीपुरवठा कार्यालयाच्या वार्षिक कार्यक्रमासाठी जुन्या इंग्रजीतला एक प्रवेश बसवला होता. मिस्त्री राजा, आणि त्यांच्या मुख्य अभियंता मॅडम म्हणजे परदेशी नांदून माघारी आलेली त्याची राणी बहीण. पाठांतर चोख झालं होतं. अर्थाच्या वाटेला मात्र मिस्त्री गेले नव्हते. मग प्रॉम्प्टिंगला बसणाऱ्या बायकोने शब्दकोश उघडला आणि सगळं मुसळ केरात गेलं.

“दाऊ म्हणजे तू. दी म्हणजे तुला, दाय म्हणजे तुझा,” डबा उघडत ती म्हणाली. “आता सगळ्यांनाच यू म्हणतात. तेव्हा मोठ्या माणसाला यू म्हणायचे, आणि आपल्या माणसाला दाऊ.”

“म्हणजे महिनाभर मी साहेबांना अगं-तुगं करतोय?”

“झकास करताय. जेवा आता.”

शेवटच्या तालमीत मिस्त्रींनी प्रत्येक दाऊचा यू करून टाकला. राजा बहिणीला भेटायला नाही, रजा मागायला आल्यासारखा दिसू लागला. मॅडमनी तालीम थांबवली.

“मिस्त्री, झालं काय तुम्हाला?”

“मॅडम, मला अर्थ कळला.”

त्या इतक्या हसल्या की मुकुट नाकावर आला. तो काढून मांडीवर घेत त्या हळूच म्हणाल्या, “आई गेल्यापासून मला तू म्हणणारं कोणी उरलं नाही हो. ऑफिसात तर फायलीसुद्धा मला अहो म्हणतात. या नाटकात तेवढं मिळतं. ते काढून घेऊ नका.”

मिस्त्रींना भरून आलं. “मुकुट सैल झालाय,” ते म्हणाले, “आतून रबर लावून देतो.”

प्रयोगाला सभागृह गच्च भरलं होतं. राणी आली. राजा सिंहासनावरून उठला, चार पावलं पुढे आला आणि त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. हे तालमीत ठरलंच नव्हतं.

“दाऊ आर्ट होम,” तो म्हणाला. तू घरी आलीस.

पुढचं वाक्य राणीचं होतं. मिस्त्रींची बायको पडद्याआडून ते पुन्हा पुन्हा सांगत होती. राणीला ऐकू येत होतं. पण ती हसत उभी होती, आणि तिला कसलीच घाई नव्हती.