सरकीचं चाक

"तुझ्या सात पिढ्यात कुणी मोटरसायकल पाह्यली का रे, कडूबा?" महेमूद मिस्तरी म्हणला.

"मोटरसायकल न्हाई पाह्यली, पण चाक पाह्यलंय," कडूबा सुतार म्हणला. "तू जालन्याहून आणलंय ते चाक न्हाई. ती खंजिरी हाय. घुंगरं लाव तिला आन् जत्रंत नाच."

मिस्तरी चिडला. कडूबाचं चाक गाडीला लावलं तर गाडीच चाकाला लोंबकळंल, असं म्हणला. मंग कडूबानं लाकूड तासायचा वाकस हातात घेतला. मारायला न्हाई, पाठ खाजवायला, पण मिस्तरी तेवढ्यानं दोन पावलं मागं सरकला आन् सगळा पार हसला.

मारुतीच्या पारापुढं दोन चाकं उभी व्हती. एक महेमूदचं, लोखंडी रिंगचं, तारांचं, वर मिलटरीचं टायर. दुसरं कडूबाचं, बाभळीचं, वर लोखंडी धाव चढवलेलं. दोन्हीबी एकाच गाडीसाठी.

गाडी म्हंजे मोटरसायकल, काकासाहेबांची. काकासाहेब आमच्या गावचे मोठे जमीनदार, वजनानंबी मोठे. लढाई संपल्यावर औरंगाबादच्या छावणीत मिलटरीच्या सामानाचा लिलाव झाला, तिथून त्यायनं ती घेतली. घेतली बराबर, पण चाकं दुसऱ्या ढिगात व्हती आन् तो ढीग दुसऱ्याच कुणीतरी उचलला. गाडी बैलगाडीत कडब्यावर निजवून आणल्ती, त्यामुळं वाटंत कुणाच्या ध्यानात आलं न्हाई. उतरवून उभी कराया गेले तर ती उभीच राहीना.

मंग ती चार दगडांवर ठेवली. काकासाहेब रोज संध्याकाळी तिच्यावर बसायचे. लोक गाऱ्हाणी घेऊन यायचे, ते गाडीवरूनच ऐकायचे. राग आला की भोंगा दाबायचे. त्यांच्या मालकीण सगुणाबाई संध्याकाळचा च्याबी तिथंच पाठवायच्या, कारण बोलावलं तर ते म्हणायचे, मी भायेर गेलोय.

आता माझं. मी भुजंग. भोकरदनच्या शाळंतून मी चार महिन्यांपूर्वी निघून आल्तो. मास्तर माझ्या बापाला उद्देशून एक शब्द बोलला, मी पाटी फेकली. पाटी मास्तराला लागली न्हाई, भिंतीवरच्या घड्याळाला लागली. तव्हापासून त्या शाळंत सारखे सव्वाअकराच वाजलेले असतेत. मास्तर म्हणतो, पोरानं सगळ्या वर्गापुढं कान धरून माफी मागावी, मंग परत घेतो. मी कान धरणार न्हाई. माझा बाप धर्मराज बोलायला कमी, पण शनिवारी त्यानं एकदाच सांगितलं. काकासाहेबांनी गाडीवर ठेवलं तर शाळा सुटली. न्हाईतर सोमवारी तो मला सवता शाळंत नेऊन सोडणार आन् कान मी धरले न्हाईत तर तो धरणार.

आन् खरं पाह्यलं तर गाडी माझ्याशिवाय कुणाला येतच न्हाई. मिस्तरीनं इंजिन चालू केलं तव्हापासून दगडांवर मीच ती चालवायचो. गेर टाकायचो, वळणाला कलायचो, बैल आडवा आला समजून बिरेक दाबायचो. दगडांवर बसून मी चारदा जाफराबादला जाऊन आल्तो. एकदाबी पडलो न्हाई. पण काकासाहेब म्हणायचे, ज्याला पाटी आवरली न्हाई त्याला हे काय आवरणार. त्यांना सवता चालवायची व्हती.

अडचण चाकाचीच व्हती. आमच्या गावापासून नदीपल्याडच्या नाक्यापर्यंत जो रस्ता हाय, त्याला रस्ता म्हणणारा माणूस त्याच्यावरून कधी गेलेला नसतो. अर्ध्यात मुरूम, अर्ध्यात काळ्या रानातल्या भेगा, बैलगाड्यांच्या चाकोऱ्या गुडघाभर. उताराला डोक्याएवढे गोटे. दोन्ही बाजूनं बाभळी, आन् त्यांचे काटे बोटाएवढे. असल्या वाटंवर चाक टिकाऊ पाहिजे. पण इंजिनाला ओढवलंबी पाहिजे, म्हंजे हलकं पाहिजे. दोन्ही पाहिजे, इथंच सगळं अडलं.

मी गपचूप सुतळी घेऊन मोजलं. चाक बसतं त्या गाडीच्या चिमट्यात चार बोटं जागा. कडूबाच्या चाकाचा नुसता मधला तुंबाच वीतभर रुंद. ते चाक तिथं बसणारच नव्हतं. मी हे सगळ्यांपुढं सांगितलं. कडूबा म्हणला, मंग चिमटा रुंद करा. बाकीचे म्हणले, पोरा, मधी मधी बोलू नको, चाक कसं पारखायचं ते गावाला ठाऊक हाय.

गावाला ठाऊक व्हतं ते असं. आमच्यात नवं चाक झालं की गाडीला लावायच्या आधी ते खांद्यावर घेऊन मारुतीला एक फेरा मारायचा. मधी भुईला टेकलं तर चाक बाद, सुतारानं परत करायचं. माणसाला जे उचलत न्हाई ते बैलाच्या मानंवर टाकू नये, असा हिशोब. काकासाहेबांच्या बैलगाड्यांची चाकं त्यांचा सालदार फिरवायचा. आता पार म्हणला, बैलगाडीवर सालदार बसतो म्हणून सालदार. ह्या गाडीवर मालक बसणार, तव्हा खांदा मालकाचा पाहिजे. इंजिनाला खांदा नसतो आन् मान बी नसते, हे मी म्हणलो. कुणी ऐकलं न्हाई. मिस्तरीनं सुद्धा माझ्याकडं पाह्यलं न्हाई, कारण त्याच्या ध्यानात आल्तं की ह्यात त्याचंच चाक जिंकतंय.

काकासाहेबांनी धोतर खोचलं. कडूबाच्या चाकाला हात घातला. चाक हललं न्हाई, काकासाहेब हलले. दुसऱ्यांदा त्यायनं ते गुडघ्यापर्यंत आणलं आन् तिथंच धरून इतका वेळ उभे राह्यले की लोकायला वाटलं काही बोलायचं हाय. मंग चाक खाली आलं. कडूबा म्हणला, मालकाचं जेवण कमी पडतंय. सगुणाबाईनं ते दारातून ऐकलं आन् त्या दिवशी कडूबाला च्या मिळाला न्हाई.

महेमूदचं चाक काकासाहेबांनी एका हातानं उचललं, बोटात फिरवलं, आन् फेरा मारून आले. पण पाराला तेबी पटलं न्हाई. इतकं हलकं चाक असतं का कुठं, ही तर चाळणी हाय, म्हणले. मंग दुसरी पारख. गावठाणाच्या टेकाडावरून चाक खाली सोडायचं. वढ्यापर्यंत न मोडता गेलं तर पक्कं.

आधी कडूबाचं सोडलं. ते मोडलं न्हाई. त्यानं रामरावाचं न्हाणीघर मोडलं. आत रामराव व्हता. तो अंगाला साबण लावलेला तसाच, कमरंला परात धरून उभा, आन् चाक त्याच्या मोकळ्या दारातून पुढं गेलं. कडूबा म्हणला, पाहा, चाकाला ओरखडा न्हाई.

महेमूदचं सोडलं. ते उड्या मारत, गोट्यांवरून नाचत, बराबर वढ्यापर्यंत गेलं. मी मागं पळत गेलो. रिंग वाकली नव्हती. मी एकेक तार नखानं वाजवून पाह्यली. चाळीस तारा, त्यातल्या तीन बद्द वाजल्या, बाकीच्या टणटणीत. ताणल्या की झालं. पण टायर सुसू करून राह्यलं व्हतं. सात काटे. जोवर मी तारा वाजवल्या तोवर ते पापडासारखं भुईला चिकटलं.

"बाभळीचा काटा बाभळीच्या चाकाला लागत न्हाई," कडूबा म्हणला, आन् मिस्तरी एकेक काटा उपसत बसला.

मला एक इलाज सुचला. सगुणाबाईच्या वसरीला सरकीची पोती असायची, बैलांच्या खुराकाची. त्यांच्यावर मी लहानपणी उड्या मारायचो. सरकीचं पोतं ठासून भरलं की दगडासारखं टणक लागतं, तरी पायाला बोचत न्हाई, थोडं दबतं आन् परत वर येतं. म्हणलो, ट्यूब फेकून द्या. टायरात सरकी ठासा. काट्यानं हवा जाते, सरकी कुठं जाणार?

मिस्तरी म्हणला, गवत भरत्यात लोक. मी म्हणलो, गवताचा भुगा होतो. कडूबानं मुसळ आणून दिलं, आन् हे मी इमानदारीनं सांगतो, ठासायला सगळ्यात जास्ती तोच बसला. मिस्तरीनं जोडीचं दुसरं चाकबी आणलं, आन् आइतवारी सकाळपासून दोन्ही चाकं भरून दोपारी तयार झाली. अशी टणक की त्यांच्यावर नारळ फुटला.

पण चाकाचं वजन बदललं, तव्हा फेरा नव्यानं. दोन चाकं, दोन फेरे. पहिला काकासाहेबांनी ओढून ताणून पार पाडला. दुसऱ्याला देवळामागं गेले आन् लवकर भायेर येईनात. मागची बाजू पारावरून दिसत न्हाई. मी पिंपळावर चढल्तो, मला दिसली. काकासाहेबांनी चाक भिंतीला टेकवून ठेवल्तं. भुईला टेकल्तं. ते सवता मारुतीच्या पाठीला पाठ लावून श्वास घेऊन राह्यले व्हते. त्यायनं वर पाह्यलं. मी खाली पाह्यलं.

मंग त्यायनं चाक उचललं, पारापुढं आले, उपरण्यानं तोंड पुसलं आन् सगळ्यांपुढं म्हणले, "चाकं पक्की. गाडी भुजंग चालवंल. नाक्याच्या दांडीला हात लावून दिवस मावळायच्या आत परत यायचं. चाकं शाबूत आली तर पोरगा माझा ड्रायव्हर."

माझा बाप पारावरच बसल्ता. तो फक्त म्हणला, आन् न आली तर सोमवार हाय.

मी निघालो. दगडांवरच्या चार खेपांपेक्षा हे थोडं अवघड व्हतं, कारण हिथं झाडं सरकत व्हती. पण चाकं. काय सांगू. भेगांवरून ती धपधप धपधप गेली. काटे मोडत गेले. गोट्यांवर गाडी उडायची आन् चाक खाली आलं की म्हशीनं बसावं तसं निवांत बसायचं. मी भोंगा वाजवला. नदीत पाणी घोट्याएवढंच व्हतं. पल्याडच्या चढाला फुटक्या मडक्याच्या एका खपरीनं मागचं टायर बोटभर फाटलं, मला आवाज आला, पण म्हणलं, हवा थोडीच हाय जायला.

हवा नव्हती. सरकी व्हती. ती एक-एक करत सांडायला लागली.

आधी एक शेळी मागं लागली. मला वाटलं, कुणाची तरी शेळी सुटली असंल. मंग दोन गोऱ्हे. मंग चरून घरी जाणारी खिल्लारं वाटंत आली आन् घर इसरली. मागं पाह्यलं तर रामरावाचा पांढरा बैल, त्याच्यामागं म्हशी, त्यांच्यामागं अनोळखी गावच्या गाई, सगळ्या मान खाली घालून, माझ्या रेघंवरून, एकामागं एक. मी जोरात हाकली तर सरकी जोरात सांडली आन् जनावरं जोरात आली. हळू हाकली तर रामरावाचा बैल डायरेक चाकालाच जीभ लावायला लागला. गुराखी लांबून शिव्या देत व्हते, मला देत व्हते का बैलायला ते कळलं न्हाई.

नाक्याच्या दांडीला मी हात लावला. दांडी खाली आली.

बाजाराला जनावरं न्यायची तर हितं एकेकाची चिठ्ठी लागते. जमादार अलीम सायेब चौकीतून भायेर आले, त्यायनं काठीनं मोजलं, त्रेचाळीस. मला इचारलं, "इत्ते जानवरां लेको किधर जा रा? चिठ्ठी?"

मी सांगितलं, ही मपली न्हाईत.

"तेरे नईं, तो तेरेच पीछे कायको आए?"

ह्याला उत्तर हाय, पण एका वाक्यात न्हाई. मी चाक म्हणलो, सरकी म्हणलो, मारुतीचा फेरा म्हणलो, न्हाणीघर म्हणलो. त्यायनं हात वर केला. म्हणले, इथं बस, आन् सगळं पहिल्यापासून कागदावर उतरव. मराठीतच उतरव, भोकरदनच्या कचेरीत कुणीतरी वाचंल. त्यायनं कागद दिला, दौत दिली, च्याबी दिला. जबाब झाल्याबिगर दांडी वर जाणार न्हाई.

तर पहिल्यापासून हे असं हाय. जमादार सायेब, देवळामागच्या भिंतीचं जे हाय ते आमच्या गावात कळू देऊ नका, त्याच्यावर मपली नोकरी हाय. दिवस बाभळीच्या शेंड्याला आलाय. भायेर जनावरांनी गाडीभवती कडं केलंय आन् रामरावाचा बैल परत मागच्या चाकापाशी गेलाय. त्यात अजून अर्धी सरकी हाय, अर्ध्या सरकीवर गाव येतं, पण त्यानं अजून एक तोबरा भरला तर येत न्हाई. अंगठा पाहिजे का सही पाहिजे ते जल्दी सांगा आन् दांडी वर घ्या. मला आता निघायला पाहिजे.