वडिलांचा नमुना

डिसेंबरातल्या त्या शिबिरात मयूरीने एका दिवसात एक्केचाळीस जणांचं रक्त घेतलं, आणि एकाही नळीवरचा आकडा चुकला नाही. परतताना जीपमध्ये तिने ही गोष्ट ड्रायव्हर गिरधरला दोनदा सांगितली. गिरधर म्हणाला, "तुमनं काम पक्कं शे ताई," आणि तिला ते खरं वाटलं.

मयूरी रनाळ्याची. जीवरसायनशास्त्रात एम.एस्सी. करून गेल्या वर्षी ती एका संशोधन प्रकल्पात लागली. सातपुड्यातलं बाळ दोन-तीन दिवसांचं झालं की त्याच्या टाचेला टोचून रक्ताचे चार थेंब जाड कागदावर घ्यायचे, त्यात सिकलसेल आहे का ते पाहायचं, आणि असेल तर आजार दिसायच्या आत औषध सुरू करायचं, असं ते काम होतं. बाळ पोटातून येताना एक वेगळं हिमोग्लोबिन घेऊन येतं. पहिले काही महिने ते बाळाला सांभाळतं. सहाव्या महिन्याच्या सुमारास ते ओसरलं की हातपाय सुजतात, साधा तापही जिवावर बेततो. म्हणून दुसऱ्या महिन्यापासूनच पेनिसिलिनची अर्धी गोळी, पाण्यात विरघळवून, सकाळ-संध्याकाळ. एवढ्याशा गोळीने किती बाळं वाचतात याचे आकडे मयूरीला पाठ होते.

कुंड्यापाड्याच्या फुलीबाईची रविना ही तिच्या यादीतली अकरावी मुलगी. सप्टेंबरातला जन्म. तिला आजार असल्याचं कळलं तेव्हापासून फुलीबाई दर पंधरा दिवसांनी दोन तास डोंगर उतरून उपकेंद्रावर यायची, झोळीत रविना. रिकाम्या गोळ्यांची पाकिटं ती जपून परत आणायची. तिला मराठी फारसं यायचं नाही, मयूरीला पावरी मुळीच नाही. मध्ये पाड्याची आशा कार्यकर्ती ममता असायची, तिच्यामार्फत सगळं चालायचं. अशी आई प्रत्येक बाळाला मिळाली तर आपला अभ्यास दोन वर्षांत पुरा होईल, असं मयूरीने एकदा डॉक्टर उमाकांतांना सांगितलं होतं. प्रकल्प त्यांचा होता.

जानेवारीत आईवडिलांच्या रक्ताचे अहवाल आले. फुलीबाई वाहक. म्हणजे आजार नाही, पण तो पुढे देऊ शकणारी. मुलगी आजारी. वडील ईश्वर निर्दोष, सिकलचा अंशही नाही.

असं होत नाही. या आजाराचा एक वाटा आईकडून येतो, एक वडिलांकडून. मयूरीने नळीचा आकडा ताडून पाहिला. नमुना मशीनवर पुन्हा लावला. वडिलांकडून दुसरा एखादा दोष येऊन तसं दिसत असेल का, तेही तपासलं. तसं नव्हतं. मग एकच शक्यता उरली, आणि ती सुचल्यावर तिला वाईट वाटण्याआधी थोडा आनंद झाला, कोडं सुटल्याचा. हे तिला पुढे फार दिवस विसरता आलं नाही.

डॉक्टरांना सांगण्याआधी आपण खात्री करून घ्यावी असं तिने ठरवलं. पुढच्या वेळी फुलीबाई आली तेव्हा तिने तिला आणि ममताला आतल्या खोलीत नेलं, दार लावलं. अहवालाबद्दल अवाक्षर काढायचं नाही, गोपनीयतेचा नियम आहे, हे तिच्या पक्कं लक्षात होतं. म्हणून तिने कारण न सांगता फक्त प्रश्न विचारला.

"ममताताई, यांना विचारा, रविना ईश्वरचीच मुलगी आहे ना? खरं सांगा म्हणावं. कुणाला कळणार नाही."

ममताने हातातली वही मिटली. वय पस्तिशीचं, नऊ वर्षं हे काम करणारी बाई. ती म्हणाली, "मॅडम, हे विचारायचं?"

"अभ्यासासाठी लागतं."

ममताने मान खाली घालून विचारलं. फुलीबाईने मयूरीच्या तोंडाकडे पाहिलं, एक वाक्य बोलली, रविनाला झोळीत टाकलं आणि निघून गेली. गोळ्यांचं पाकीट टेबलावरच राहिलं. काय म्हणाली ती, असं मयूरीने विचारलं, तर ममता म्हणाली, "काही नाही म्हणाली." मयूरीने वहीत लिहिलं: आईने उत्तर दिले नाही.

त्यानंतर फुलीबाई आली नाही. ममता दोनदा गोळ्या घेऊन तिच्या घरी गेली, दोन्ही वेळा तिने त्या परत पाठवल्या. फेब्रुवारीच्या अहवालात रविनाच्या नावापुढे मयूरीने चार शब्द लिहिले: पालक सहकार्य करत नाहीत.

होळीच्या आठवड्यात गुजरातेत मजुरीला गेलेली माणसं डोंगरात परतू लागली. उपकेंद्राबाहेर नव्या शर्टांची, नव्या मोबाइलांची गर्दी. त्यातला एक तरुण आत आला, हडकुळा, उजव्या भुवईवर जुनी खोक. शाळेतलं मराठी बोलत होता. म्हणाला, "मी ईश्वर. रविनाचा बाप. माझं रक्त घ्यायचं राहिलंय ना?"

मयूरी वहीत काहीतरी लिहीत होती. ती म्हणाली, "तुमचं घेतलंय की. डिसेंबरात."

"तेव्हा मी नव्हतो. दिवाळीनंतर लगेच गेलो मी सुरतेकडे. भावाने दिलं होतं माझ्या जागी. मोठा भाऊ, सुरुपसिंग." तो हसला. "मी नसलो की सगळीकडे तोच उभा राहतो. शाळेत, वनजमिनीच्या मोजणीला. पण आल्यावर ममताताईला हे सांगितलं, तर ती म्हणाली, बापाचंच लागतं म्हणून."

मयूरीला तो दिवस आठवला. लांब रांग, ऊन, पोरांची रडारड, ममता दुसऱ्या टोकाला बायकांच्या रांगेपाशी. तिने यादीतून पुकारलं, "रविनाचे वडील, ईश्वर?" आणि एक दांडगा माणूस पुढे आला. तिने पुन्हा विचारलं, "ईश्वर?" त्याने मान डोलावली. ईश्वरच्या घरचं काम म्हणजे आपलंच, एवढंच त्याच्या मनात असणार. फॉर्मवर एक चौकट होती: आधार कार्ड पाहिले. तिने कार्ड मागितलं नव्हतं. चौकटीत खूण मात्र केली होती, कारण चौकट रिकामी राहिली की फॉर्म परत येतो.

तिने ईश्वरच्या दंडाला पट्टी बांधली. तिच्याकडून पहिल्यांदा शीर चुकली. दुसऱ्यांदा रक्त आलं. त्यातलं थोडं औषधाच्या नळीत टाकून तिने नळी रेघांच्या कागदासमोर धरली. पाच मिनिटांत पाणी गढूळ झालं आणि मागच्या रेघा दिसेनाशा झाल्या. सिकल होतं. कोड्यात काहीच नव्हतं.

"पोरीचे पाय सुजलेत," ईश्वर शर्टाची बाही खाली ओढत म्हणाला. "तीन दिवस झाले, हात लावू देत नाही. चल दवाखान्यात म्हटलं तर बायको नाही म्हणते. इथे नाही येणार म्हणते, कारण सांगत नाही. तुम्ही काही बोललात का तिला?"

ममता दारात उभी होती. ती जमिनीकडे पाहू लागली.

"नाही," मयूरी म्हणाली.

तो बाहेर गेल्यावर तिने डॉक्टर उमाकांतांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. आधी नमुन्याचं सांगितलं, मग प्रश्नाचं. त्यांनी संगणकावर तो फॉर्म उघडला. मग म्हणाले, "फॉर्मवर आधार पाहिल्याची खूण आहे."

"हो सर."

"पाहिलं होतं?"

"नाही."

"त्या दिवशीचे एक्केचाळीस फॉर्म आहेत. अशा खुणा आणखी किती?"

ती आठवून मोजू लागली. ते म्हणाले, ते नंतर बघू, आधी मुलीला खाली आणा, पाय सुजलेत म्हणजे वेळ घालवू नका.

जीपमध्ये पुढे ईश्वर बसला, मागे ममता आणि मयूरी. नाल्यापाशी रस्ता संपला. ईश्वर झपाझप वर निघून गेला. गिरधरला फोनवरच्या अर्ध्या बोलण्यातून पुरतं कळलं होतं. त्या दोघी उतरत असताना तो आरशात बघत म्हणाला, "मशीन रगत वळखस ताई. मानूस आपनले वळखना पडस." एरवी तिने त्याला काहीतरी सुनावलं असतं.

चढावर ममता एकदम थांबली. दिवसभरात ती मयूरीला एकदाही मॅडम म्हणाली नव्हती.

"तेव्हा तुम्ही मला रक्ताचं काहीच सांगितलं नाही," ती म्हणाली. "नुसतं तेवढंच विचारायला लावलं. मला वाटलं, डोंगरातल्या बायकांबद्दल तुम्ही लोक असंच समजता. रक्त जुळत नाही म्हणून एक शब्द बोलला असतात, तर मी तिथेच सांगितलं असतं की ईश्वर गावात नाही. साऱ्या पाड्याला माहीत होतं."

मयूरी म्हणाली, "मला वाटलं, नियम आहे."

"आता सगळं सांगा तिला. अर्धं सांगाल तर मी बोलणार नाही. आणि त्याच्यासमोर नको. तिने नवऱ्याला यातलं काही सांगितलेलं नाही."

फुलीबाई घरामागे कुडाच्या सावलीत बसली होती, मांडीवर रविना. मुलीची दोन्ही पावलं फुगून तकतकीत झाली होती, त्यावर कसल्याशा सालीचा लेप. रविना रडत नव्हती, नुसती कण्हत होती, आणि मयूरीने पाहिलेल्या पुस्तकातल्या चित्रापेक्षा ती पावलं फार लहान होती. ईश्वरला ममताने झोळीसाठी फडकं आणायला शेजारी पिटाळलं.

मयूरीने सांगायला सुरुवात केली. रक्त दुसऱ्या माणसाचं होतं. तो कोण हे मी विचारलं नाही, कार्ड पाहिलं नाही, पाहिलं असं लिहिलं. मग माझ्या चुकीचा दोष तुमच्यावर टाकला. तुम्ही गोळ्या बंद केल्यात, त्याचं कारण मी. एकेक वाक्य ममता पावरीत सांगत गेली. मयूरीच्या दोन वाक्यांना तिची चार लागत होती. कोणत्या शब्दांत ती आपल्याला मांडतेय हे मयूरीला कळत नव्हतं, आणि थांबवायचा हक्क तिला राहिला नव्हता.

फुलीबाई सगळं ऐकून घेत होती, पण पाहत होती ममताकडे. शेवटी ती थोडंसं बोलली.

"ती येते म्हणते," ममता म्हणाली. "पोरीसाठी येते. गोळ्याही देईल, पण त्या माझ्या हातून घेईल. आणि तुम्ही असाल त्या गाडीत ती बसणार नाही."

मयूरीने मान हलवली. मग तिने विचारलं, "त्या दिवशी जाताना ती काय म्हणाली होती?"

ममता रविनाला उचलायला वाकली. "म्हणाली होती, हे विचारायला हिला शिकवलं कोणी?"

ते तिघं रविनाला घेऊन उतरले. खाली जीप सुरू झाल्याचा आवाज आला, मग तोही वळणाआड गेला. गिरधर मुलीला दवाखान्यात पोचवून संध्याकाळपर्यंत मयूरीसाठी परत येणार होता. तोवर ती अंगणात उभी राहिली. कोंबड्या तिच्या पायांशी येऊन गेल्या.

शेजारच्या घरातून एक दांडगा माणूस खाट घेऊन आला. मोहाच्या झाडाखाली ती टाकून त्याने तिला बस म्हणून खूण केली, पाण्याचा तांब्या आणून दिला. तिने त्याला लगेच ओळखलं. तो मोडक्या मराठीत बोलू लागला.

"माझं रक्त चांगलं निघालं ना?"

"हो. चांगलं आहे. तुम्हाला काहीच आजार नाही."

तो खूश झाला. जमिनीवर बसत म्हणाला, "मग पोरीला पाय का सुजले? चांगलं रक्त दिलं तिला, तरी?"

मयूरीला आधी कळलंच नाही. मग कळलं. त्याला वाटलं होतं, ते रक्त रविनाला चढवायला घेतलं. शिबिरात तिने तीन पानी संमतीपत्र मराठीत, एका दमात, एका मिनिटात वाचून दाखवलं होतं आणि खाली त्याचा अंगठा घेतला होता.

"एवढीशी नळी घेतली," सुरुपसिंग बोटाने माप दाखवत म्हणाला. "म्हटलं लहान पोर आहे, एवढंच लागत असेल. कमी पडलं का?" आणि त्याने बाही दंडापर्यंत वर सारून हात तिच्यापुढे धरला.

तिने तो हात आपल्या हाताने हळूच खाली केला. म्हणाली, "आज नको. आधी मी तुम्हाला सगळं नीट सांगते. ते रक्त कशासाठी होतं ते."  मग तिने डिसेंबरात करायचं राहिलेलं पहिलं काम केलं. विचारलं, "तुमचं नाव काय?"

"सुरुपसिंग," तो म्हणाला, आणि सरकारी माणसाने नाव विचारलं की पुढे काय लागतं हे त्याला माहीत होतं. "कार्ड आणू?"

ती नको म्हणेपर्यंत तो उठून घरात गेलाही होता. वळचणीला खोचलेली प्लॅस्टिकची पिशवी त्याने काढून आणली, तिची गाठ सोडली, आणि कार्ड धोतराला पुसून दोन्ही हातांनी तिच्यापुढे केलं. मयूरीने ते घेतलं आणि त्यावरचं नाव वाचत बसली.