कुंडी बदलायचा दिवस

सासरेबुवांकडे बॉक्सवूडचा एक बोन्साय होता, आणि घरात त्याचा मान सगळ्यांच्या वर होता. उंची हातभर, पानं नखाएवढी, खोड मात्र म्हाताऱ्याच्या मनगटासारखं. वयानं तो नवऱ्याहून दोन वर्षांनी मोठा होता. "म्हणजे नात्यानं माझा थोरला दीरच," असं सून मैत्रिणींना सांगायची.

सासऱ्यांचं सगळं आयुष्य जमिनीच्या मोजणीत गेलेलं. निवृत्त झाले तरी जीव सगळा मापातच. पण गेल्या वर्षापासून हातांना कंप सुटला होता आणि झाडाची कुंडी बदलायची वेळ तर येऊन ठेपली होती. मुळांनी कुंडी इतकी भरली होती की घातलेलं पाणी वरच साचून राहायचं. शेवटी ते म्हणाले, "तू कर. तुझा हात बसलेला आहे." आठ वर्षांच्या सासुरवासात त्यांच्या तोंडून निघालेलं हे पहिलं कौतुक. सून चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम करायची, तेव्हा ते काही खोटं नव्हतं.

तिच्या सुट्टीच्या दिवशी, नवरा कामावर गेल्यावर, दोघं मागच्या गॅलरीत बसली. तिनं कुंडीच्या कडेनं सुरी फिरवली, खोडाला धरून झाड बाहेर काढलं आणि ओल्या गोणपाटावर ठेवलं. मुळांचा पिवळसर गोळा कुंडीच्याच आकाराचा झाला होता. वाकून वाकून तिची पाठ धरली.

"खाली बसून नाही जमायचं," सासरे म्हणाले. "ते स्टूल घे."

स्टूल दाराला अडवण म्हणून लावलेलं होतं. तिनं ते उचललं, तेवढ्यात वाऱ्यानं दार धाडकन आपटलं. लॅच आतून लागलं. दोघांनी दाराकडे पाहिलं, मग एकमेकांकडे.

चौथा मजला. खाली गोदामाचे पत्रे, समोर गोदामाची आंधळी भिंत. सुनेनं दोनतीन हाका मारून पाहिल्या. भिंतींना कान असतात म्हणतात, पण या भिंतीला साधी खिडकीही नव्हती. टेलिफोन आत दिवाणखान्यात. वाजले होते साडेअकरा आणि नवरा यायचा सहाला.

"काच फोडते," ती म्हणाली. दाराच्या वरच्या अर्ध्या भागात काच होती, हात घातला की लॅच सापडलं असतं.

"काही नको! चांगली काच कशाला फोडायची? सहाला येतोच आहे तो. आणि मुळं उघडी पडलीत, त्यांना दम नसतो. आधी हात चालव."

तिनं हात चालवला. दुसरं काय करणार? लोखंडी आकड्यानं ती मुळं विंचरू लागली. जुनी माती भुगा होऊन मांडीवर पडत होती. "एक तृतीयांश काप, जास्त नको," सासरे सांगत होते. "जाड मुळं आधी. बारीक राहू देत, पाणी तीच पितात." ती कापत होती. बादलीतल्या पाण्यात ओंजळ बुडवून मधूनमधून मुळांवर शिंपडत होती. बाराच्या सुमारास ऊन गॅलरीत शिरलं तसं तिनं अंगावरच्या ओढणीनं झाडाला आडोसा केला. स्वतःच्या डोक्यावर काहीच नव्हतं.

कुंडीच्या भोकांवर जाळी, त्यावर खडी, खडीवर नवी भरड माती. झाड बसवून तिनं तारेनं बांधलं आणि बांबूच्या काडीनं मुळांच्या फटीत माती ढोसायला घेतली. मग छाटणी. आतल्या दाट फांद्या काढून उजेड आत जाईल असं करायचं होतं. कापलेल्या पानांना मांजरानं कोपरा खराब करावा तसा वास येत होता.

सासरे खुशीत आले होते. "सफाई आहे हो तुझ्या हाताला. उगाच नाही त्या इस्पितळातल्या बाई 'कधी रुजू होताय, कधी रुजू होताय' म्हणून विचारत होत्या. तू तिकडे गेली असतीस तर आज हे कोणी केलं असतं?"

कात्री थांबली.

"कधी विचारत होत्या?"

सासऱ्यांनी समोरच्या भिंतीकडे तोंड फिरवलं.

दूरच्या शहरातल्या डोळ्यांच्या इस्पितळात काचांच्या विभागाची मुख्य म्हणून तिनं अर्ज केला होता. मुलाखतही झाली होती. दिवाळखोरीत निघालेल्या माणसासारखं तोंड करून एका संध्याकाळी नवऱ्यानं तिला सांगितलं होतं की फोन आला होता, ती जागाच रद्द झाली. दोन दिवस तिला घास गेला नव्हता.

"बाबा, जागा रद्द झाली नव्हती?"

"फोन मी घेतला होता," ते हळूच म्हणाले. "मी फक्त त्याला सांगितलं. मग त्यानं परत फोन करून नाही म्हणून कळवलं. तो म्हणाला, तिला बोलू नका, उगाच तिच्या जिवाला घोर."

"आणि तुम्ही बोलला नाहीत."

"मी एकटा पडलो असतो गं."

तिला तिथून उठून जावंसं वाटलं. कुठे जाणार होती? दोन पावलं इकडे कठडा, दोन पावलं तिकडे दार. ती पुन्हा कात्री चालवू लागली. अर्धा तास गेला. सासऱ्यांची चुळबुळ सुरू झाली. ते उठले, बसले, पाय आवळून पुन्हा उठले. त्यांना बाथरूमला जायचंय हे तिला कळलं, आणि ते तोंडानं सांगणार नाहीत हेही कळलं. तिनं एक फांदी निवांतपणे छाटली. मग दुसरी. मग तिसरी. सासऱ्यांच्या कपाळावर घाम आला होता.

"सूनबाई," ते शेवटी म्हणाले, "ती काच..."

त्यांचा आवाज ऐकून तिला स्वतःचीच लाज वाटली. काच कुठे मारली की फुटते हे तिला कोणी शिकवायला नको होतं. हाताला गोणपाट गुंडाळून तिनं कोपऱ्यात आकड्याच्या दांड्याचा एकच ठोसा दिला. काच आत कोसळली. लॅच काढलं तसे सासरे भिंतीला धरत आत गेले.

तिनं आधी झाडाला पाणी दिलं. खालून स्वच्छ पाणी येईपर्यंत दिलं. मग इस्पितळाला फोन लावला. तीच बाई होती, गोडच बोलली. "अहो, तुमच्या घरूनच नाही म्हणून कळवलं ना? गेल्या आठवड्यात भरली जागा."

सहाला नवरा आला. दाराला लावलेला पुठ्ठा पाहून म्हणाला, "काच कशी फुटली?"

"मी फोडली."

"मी सांगितलं तिला," सासरे आतून म्हणाले. "सगळंच सांगितलं."

नवरा बूट न काढता खुर्चीत बसला. "मी घरासाठीच केलं," तो म्हणाला. "बाबांना सोडून कसं..."

"मला विचारायचं होतंस."

"विचारलं असतं तर तू गेली असतीस."

"हो," ती म्हणाली, आणि काचा झाडायला केरसुणी त्याच्या हातात देऊन आत निघून गेली.

आठवड्यानं सासऱ्यांनी सासरी असलेल्या लेकीला फोन लावला. सून ऐकेल इतक्या मोठ्यानं म्हणाले, "पुढच्या महिन्यापासून तुझ्याकडे येईन म्हणतो." मग बराच वेळ नुसतं ऐकत राहिले आणि फोन ठेवला. "जागा लहान पडते म्हणाली. बघू म्हणाली." ते हे पश्चात्तापानं बोलले की सुनेला अपराधी वाटावं म्हणून, हे तिला कळलं नाही. कदाचित त्यांनाही माहीत नसावं. तिनं त्यांचं जेवण झाकून ठेवलं आणि कामावर गेली.

त्या दिवशी दुपारच्या सुट्टीत तिनं आणखी दोन ठिकाणी अर्ज लिहिले. या वेळी फोन नंबर दुकानाचा दिला. अजून कुठूनच उत्तर आलेलं नाही. दुकानात फोन वाजला की काच घासता घासता तिचा हात थांबतो, आणि मालक दुसऱ्याच कुणाशी बोलतोय हे कळलं की पुन्हा चालू होतो.