चौतीस वर्षांचं एक वाक्य

आजोबांनी चौतीस वर्षं एकाच वाक्यावर संसार केला: "हात लावू नका." मोठ्या वस्तुसंग्रहालयात ते पहारेकरी होते. जुन्या मूर्ती, काचेची भांडी, कुणा राजाची खुर्ची, आणि शेजारी पाठीमागे हात बांधून उभे आजोबा. निवृत्त झाले तेव्हा गणवेश परत केला, वाक्य मात्र घरी घेऊन आले. ते सगळ्यात जास्त ऐकलं पाच वर्षांच्या नातीनं. तिला सगळे शहाणी म्हणत, कारण ती कशालाच हात लावत नसे. पाठीमागे हात बांधून नुसती बघत उभी राहायची, थेट आजोबांसारखी.

आजोबांना याचं कोण कौतुक. पण मागच्या आठवड्यात शाळेतल्या बाईंनी सूनबाईला बोलावून सांगितलं, की पोरगी मातीला हात लावत नाही, रंगांना लावत नाही, खेळायला कुणी हात पुढे केला तर तोही धरत नाही. सूनबाई आजोबांना एका शब्दानं बोलली नाही. मुलांच्या एका संग्रहालयाची तीन तिकिटं तेवढी तिनं त्यांच्या हातात ठेवली. तिथं म्हणे प्रत्येक वस्तूला हात लावायचाच असतो. आजोबांना ते बोलण्यापेक्षा जास्त लागलं. आज पोरीचे हात सुटलेच पाहिजेत, असं ठरवून ते नातवंडांना घेऊन निघाले.

साडेतीन वर्षांच्या नातवाची काळजीच नव्हती. घरात त्याला वादळ म्हणत, ते उगाच नाही. आत शिरल्या शिरल्या त्यानं पाण्याचा पंप हापसला, स्वतःसकट चौघांना भिजवलं आणि वाळूच्या हौदात एक बूट पुरून आला. शहाणी मात्र प्रत्येक वस्तूपासून दोन पावलं लांब. आजोबांनी लाडीगोडी लावली, आइस्क्रीमची लाच देऊन पाहिली. "मी बघते ना," एवढंच ती म्हणे.

तेवढ्यात कुठल्याशा शाळेची तीसेक मुलं मोठ्या ढोलावर तुटून पडली, आणि आजोबांच्या आत डुलक्या घेणारा पहारेकरी खडबडून जागा झाला.

"हात लावू नका!"

अख्खं दालन चिडीचूप. तीसच्या तीस मुलांचे हात पाठीमागे गेले. वादळाचेसुद्धा, आणि तो चमत्कार आजवर कुणाला साधला नव्हता. दालनातली ताई धावत आली आणि हसू दाबत म्हणाली, की आजोबा, इथं लावायचाच असतो. आजोबा अगदी कानकोंडे झाले. एका पोरीचे हात सोडवायला आले आणि तीस मुलांचे बांधून बसले. जित्याची खोड, दुसरं काय.

नातवंडांना घेऊन ते कोपऱ्यात सटकले. तिथं हजारो बोथट खिळ्यांची एक भिंत उभी होती. एका बाजूनं हात दाबला, की खिळे सरकून दुसऱ्या बाजूला त्याचा उठाव यायचा. आजोबांनी शहाणीला पुन्हा एकदा विनवलं. तिनं त्यांच्याकडे वर पाहिलं.

"आजोबा, तुम्ही तरी कुठं लावता?"

त्यांचे हात तेव्हाही पाठीमागेच होते. आजोबांना स्वतःचीच लाज वाटली. त्यांनी हात सोडवले, शहाणीला भिंतीपलीकडे जायला सांगितलं आणि उजवा पंजा खिळ्यांत रोवला. बराच वेळ काहीच झालं नाही. मग खिळे हळूच उलटे त्यांच्या तळव्याला टोचू लागले. आधी एक बोट, मग दुसरं, मग सगळा चिमुकला पंजा. आजोबांनी हात तसूभरही हलवला नाही.

वळसा घालून ते पलीकडे गेले, तर भिंतीवर त्यांचा मोठा पंजा आणि त्याच्या मधोमध छोट्या पंजाचा खळगा. ढोलाजवळचा एक मुलगा तो दाबायला आला होता, आणि शहाणी दोन्ही हात पसरून आडवी उभी होती.

"हात लावू नका. हा आमच्या आजोबांचा आहे."

मुलाचे हात पाठीमागे गेले.

"लावू दे गं त्याला," आजोबा म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच.

शहाणीनं जरा विचार केला. मग तिनं त्या मुलाचा हात धरला आणि स्वतःच खिळ्यांवर नेऊन ठेवला.